"हे पुढे कुठे लागतं?" – पाचवी ते आठवीचे विषय आणि खरीखुरी कामं

मधली_सुट्टी

मी पाचवी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. या वयाची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, "बाई, हे पुढे कुठे लागतं?" पुष्कळ शिक्षकांना हा प्रश्न उद्धट वाटतो, मला नाही वाटत. आठ-दहा वर्षं रोज पाच-सहा तास बसवून घ्यायचं आणि कशासाठी ते सांगायचं नाही, हे बरोबर नाही.

आपण देतो ती उत्तरं दोन. एक, "वरच्या वर्गात लागतं." दुसरं उत्तर म्हणजे भिंतीवरचा तक्ता. गणित – इंजिनिअर. विज्ञान – डॉक्टर. भाषा – शिक्षक, पत्रकार. चित्रकला – चित्रकार. या तक्त्याबद्दल माझी मोठी तक्रार आहे. तो पदाचं नाव सांगतो, काम दाखवत नाही. शिवाय एका कामाला एकच विषय चिकटवतो, त्यामुळे ज्याला गणित जमत नाही त्याच्यासाठी निम्मा तक्ता तिथेच बंद होतो.

पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना विचारतात, तिसाव्या वर्षी तुम्ही काय काम करत असाल? 2018 च्या फेरीतून 41 देशांचं चित्र असं निघालं की 47 टक्के मुलगे आणि 53 टक्के मुली फक्त दहा लोकप्रिय व्यवसायांपैकीच एकाचं नाव घेतात. जगात हजारो प्रकारची कामं आहेत आणि मुलांना दहाच माहीत, कारण आपण तेवढीच दाखवली.

मला उलटीकडून जायचं आहे. आधी काम घ्यायचं, त्यातला अगदी छोटा तुकडा, आणि त्यात शाळेतलं काय काय सापडतं ते बघायचं. हे मी वर्गात केलेलं उदाहरण:

नर्सला सांगितलंय, 500 मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचं. ड्रिप सेटवर लिहिलेलं असतं की 1 मिलिलिटरचे 20 थेंब पडतात. म्हणजे एकूण 10,000 थेंब, 240 मिनिटांत. मिनिटाला जवळपास 42. ती घड्याळाकडे बघत 15 सेकंद मोजते, दहा-अकरा थेंब पडले की थेंबांचा वेग ठरवणारं नळीवरचं चाक तिथेच सोडते. लहान मुलांच्या सेटला मिलिलिटरचे 60 थेंब असतात. तिथे तासाला जितके मिलिलिटर द्यायचे, मिनिटाला नेमके तितकेच थेंब. असं का, ते शोधायला मी वर्गाला दहा मिनिटं दिली. मागच्या बाकावरून उत्तर आलं: तासाची मिनिटं 60 आणि थेंबही 60, दोन्ही कटतात.

हे झालं गुणोत्तर आणि काळ-काम. सलाईन 0.9 टक्के, म्हणजे 500 मिलिलिटरमध्ये मीठ किती? 4.5 ग्रॅम. हे शेकडेवारीत. मग साधं पाणी का नाही चालत? कारण तांबड्या पेशी पाणी ओढून घेतील, फुगतील आणि फुटतील. हे विज्ञानात. पाळी बदलताना पुढच्या नर्सला जे लिहून ठेवायचं, ते चार ओळींत आणि दोन अर्थ न निघता लिहावं लागतं. हे भाषेत. एका थेंबामागे तीन विषय.

इथे वेगवेगळी कामं करणारे सदस्य आहेत. तुमच्या कामातला असा एक तुकडा द्या, जमल्यास आकड्यांसकट. पदाचं नाव आणि पदवी नसली तरी चालेल.

साईटवरचा

बांधकामावर सुपरवायझर आहे. पायथागोरसचा सिद्धांत आम्ही रोज वापरतो, त्याचं नाव मात्र कोणी घेत नाही.

पायाची आखणी करताना कोपरा काटकोनात आला पाहिजे. छोट्या कामाला गवंड्याचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, पुरतो, पण मोठ्या आखणीत गुण्या फार लहान पडतो. मग कोपऱ्यापासून एका दोरीवर 3 मीटरवर खूण, दुसऱ्या दोरीवर 4 मीटरवर. दोन्ही खुणांमध्ये टेप धरायचा. 5 मीटर आले तर कोपरा गुण्यात. जागा मोठी असेल तर 6, 8, 10 घेतो, माप जितकं मोठं तितकी टेप धरण्यातली चूक कमी भोवते. शेवटी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे आले तरच खोदाई.

कोन एक अंशाने हुकला तर काय होतं, हे मुलांना जरूर काढायला लावा. 10 मीटर लांबीच्या भिंतीचं दुसरं टोक 17 सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकतं. फरशी बसवताना शेवटच्या ओळीत पाचर कापावी लागते आणि ती जन्मभर दिसते.

दुसरं म्हणजे पाणसळ. पारदर्शक नळी, त्यात पाणी. दोन टोकं दोन खांबांना लावली की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं, मध्ये नळी कितीही वाकडीतिकडी असो. फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. विज्ञानाच्या पुस्तकातली एकमेकांना जोडलेल्या भांड्यांची आकृती आहे ना, तीच ही. पातळी दाखवणारा लेझर आला तरी संशय आला की आम्ही नळी काढतो.

रॅम्पचंही सांगतो. व्हीलचेअरच्या रॅम्पला 1:12 चढ धरतात. दारापर्यंत 45 सेंटिमीटर चढायचं असेल तर 5 मीटर 40 सेंटिमीटर लांबी हवी. एवढी जागा नाही म्हणून कोणी 1:6 केला तर माणूस स्वतःच्या हातांनी वर जाऊ शकत नाही. हे गुणोत्तर कागदावर शिकवायच्या आधी मुलांना फळीवरून चाकाची खुर्ची ढकलायला द्या.

सुई_दोरा

साईटवरचे दादा, तुमचं 3-4-5 वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे वर्तुळ आहे.

पूर्ण घेराचा स्कर्ट म्हणजे कापडाची चकती, मधोमध कमरेचं भोक. गिऱ्हाइकाची कंबर 66 सेंटिमीटर. हा झाला भोकाचा परीघ. मला कापायला त्रिज्या लागते. 66 भागिले 2, गुणिले 7, भागिले 22, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर. कापडाची चौपदरी घडी घालून कोपऱ्यापासून साडेदहावर पाव वर्तुळ काढते. स्कर्टची लांबी 60 हवी असेल तर दुसरं पाव वर्तुळ साडेसत्तरवर. खालच्या कडेला दुमड घालायची पट्टी किती लागेल? 70.5 च्या त्रिज्येचा परीघ, म्हणजे जवळजवळ 443 सेंटिमीटर. साडेचार मीटर सांगितली की शिलाईत जाणारंही निघतं. (हे सगळं शिलाईची रुंदी सोडून. ती आधी कमी-जास्त करावी लागते, नाहीतर कंबर सैल होते.)

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना शाळेतलं वर्तुळ आवडत नव्हतं. तेच सूत्र कापडावर आलं की त्या पाठ न करता वापरतात, कारण एकदा त्रिज्या चुकली की कापड परत येत नाही.

पानगळ

धागा चांगला आहे, पण मला एक काळजी वाटते. प्रत्येक गोष्टीला "कुठे उपयोगी पडते" ही फूटपट्टी लावली तर जे लगेच उपयोगी दिसत नाही त्याचं काय? कविता? अश्मयुग? मूळ संख्या?

मूळ संख्यांचंच बघा. हार्डी हे गेल्या शतकातले फार मोठे गणितज्ञ. संख्यांच्या सिद्धांताचा व्यवहारात काही उपयोग नाही, हे त्यांनी 1940 मध्ये लिहून ठेवलं आणि त्यांना त्याचा आनंदच होता. 1977 मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी आरएसए ही संदेश गुप्त ठेवण्याची पद्धत मांडली. दोन अतिप्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं जवळजवळ अशक्य, यावर ती उभी आहे. हार्डींसारखा माणूस जो उपयोग बघू शकला नाही, तो सातवीतल्या मुलाला आपण कुठून दाखवणार?

आणि मुलगा कविता वाचतोय तर वाचू दे ना. तिला जाहिरात-लेखनाच्या नोकरीचं शेपूट कशाला?

मधली_सुट्टी

पानगळ, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. कवितेच्या तासाला मी हा प्रश्न येऊच देणार नाही. पण माझ्यासमोर जो मुलगा बसलाय तो मूळ संख्यांचं सौंदर्य बघून मागे हटलेला नाही. "हे माझ्यासारख्यांसाठी नाही" असं ठरवून त्याने वही मिटली आहे. त्याच्यासाठी दार उघडायचं आहे.

तुमच्या मुद्द्याला जोडून एक संशोधन सांगते. हलमन आणि हॅराकिविझ यांनी 2009 मध्ये "सायन्स" या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. हायस्कूलच्या विज्ञानाच्या वर्गात काही मुलांनी धड्याचा सारांश लिहायचा, आणि काहींनी धड्यातलं आपल्या आयुष्यात कुठे लागतं ते स्वतः शोधून लिहायचं. ज्यांना आपल्याला हा विषय जमेल असं वाटत नव्हतं, त्यांच्यात फरक पडला. गोडीही वाढली आणि गुणही. पुढे 2015 मध्ये कॅनिंग आणि हॅराकिविझ यांना आढळलं की उपयोग नुसता वरून सांगितला तर कमी आत्मविश्वासाच्या मुलांवर उलटा परिणाम होऊ शकतो. मला हे लगेच पटलं. "बघ, हे किती महत्त्वाचं आहे" असं सांगितलं की ज्याला जमत नाही तो आणखी घाबरतो.

म्हणून उपयोगाचं भाषण मलाही नकोच आहे. वस्तू समोर ठेवायची, शोधायचं मुलांनी.

टॅबवाला

प्रामाणिक शंका आहे. वरचे सगळे हिशोब आता फोन करतो. एआयला विचारलं तर पायऱ्यांसकट देतो. सलाईनचे थेंब मोजायलाही पंप आहेत. मग मुलांनी हे हाताने का करायचं?

हँगर_तीन

विमानांच्या देखभालीत काम करतो. टॅबवाला, तुमच्या शंकेला मी एक घडलेली गोष्ट देतो, आमच्या प्रशिक्षणात ती नेहमी येते.

23 जुलै 1983. कॅनडात एका नव्या बोइंग 767 विमानाचे इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी घालून इंधन मोजलं. 7,682 लिटर निघालं. पुढच्या प्रवासाला 22,300 किलो हवं होतं. लिटरचं वजन काढायला 1.77 ने गुणलं, 13,597 आले. 22,300 मधून वजा केले, 8,703 कमी पडत होते. परत 1.77 ने भागलं आणि साधारण 4,900 लिटर भरलं.

गुणाकार बरोबर. वजाबाकी बरोबर. भागाकार बरोबर. कॅल्क्युलेटरनेही हेच उत्तर दिलं असतं. पण 1.77 हे एका लिटरचं वजन पौंडात होतं. किलोत ते 0.803 आहे. म्हणजे टाकीत होते फक्त 6,169 किलो, आणि भरायला हवं होतं 20,088 लिटर. विमान 41,000 फुटांवर असताना इंधन संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली नावाच्या गावाजवळच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. आत 69 माणसं होती, सगळी वाचली.

सहावीत एककाशिवाय उत्तर लिहिलं की बाई अर्धा गुण कापतात. ते कापणं योग्य आहे. 1999 मध्ये मंगळाकडे गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान याच कारणाने हातचं गेलं. एका संगणक-प्रणालीने आकडे पौंड-सेकंदात दिले, दुसऱ्या बाजूने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. तिथे तर सगळी आकडेमोड यंत्रांचीच होती.

आमच्या कामात यंत्र हिशोब करतंच. "हा आकडा मोठा वाटतोय, परत बघू" असं ज्याला वाटतं तो माणूस लागतो. ते वाटणं अंदाज बांधायच्या सवयीतून येतं आणि ती सवय हाताने गणितं केल्याशिवाय लागत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इंधन पाण्यावर तरंगतं, मग त्याचं वजन पावणेदोन किलो कसं असेल? हा प्रश्न विचारायला पाचवीचं विज्ञान पुरतं.

टॅबवाला

पटलं. शेवटची ओळ आमच्या घरी आज रात्री चर्चेला घेतो.

नकाशेवाली

भूगोलाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझं काम जीआयएसचं, म्हणजे नकाशावर माहितीचे थर चढवायचे. रस्त्यांचा थर, पाण्याच्या वाहिन्यांचा थर, उताराचा थर. एकावर एक ठेवले की सुटे असताना न दिसणारं काहीतरी दिसतं.

याचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चांगलं उदाहरण संगणकाच्या आधीचं आहे. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलराची साथ आली. कॉलरा घाण हवेने होतो असा तेव्हा समज. जॉन स्नो या डॉक्टरांनी घरोघर चौकशी केली आणि मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडल्या. खुणांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती होती. शेजारच्या दारूभट्टीतले कामगार मात्र वाचले होते, ते पंपाचं पाणी पीत नव्हते. पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही मुलांना सांगायला हवं, नाहीतर गोष्ट खोटी होते. पण रोग पाण्यातून येतो हा पुरावा नकाशाने दिला, आणि तोही जंतूंचा सिद्धांत मान्य व्हायच्या आधी.

यात डॉक्टरकी किती, भूगोल किती, नुसतं मोजणं किती आणि दारोदार जाऊन नीट प्रश्न विचारणं किती? मला वेगळं करता येत नाही.

बाकी रोजचं: 1:50,000 च्या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, तासाला 15, एका अंशाला 4 मिनिटं. दोन खंडांतल्या लोकांची बैठक ठरवणारा माणूस हे दिवसभर करत असतो.

स्वल्पविराम

भाषेबद्दल "शिक्षक, पत्रकार" यापुढे कोणी जात नाही, म्हणून करार तपासणाऱ्या माणसाकडून हे.

अमेरिकेतल्या मेन राज्यात जादा तासांचा जादा पगार कोणाला मिळणार नाही, याची एक यादी कायद्यात होती. नाशवंत मालावर केल्या जाणाऱ्या कामांची. त्या यादीच्या शेवटी "पाठवणीसाठी पॅकिंग किंवा वितरण" अशा अर्थाचे शब्द होते आणि "किंवा"च्या आधी स्वल्पविराम नव्हता. मालक म्हणाले, पॅकिंग हे एक काम आणि वितरण हे दुसरं. ट्रकचालक म्हणाले, नाही, "पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग" हे एकच काम आहे, आम्ही पॅकिंग करत नाही, आम्हाला जादा पगार द्या. 2017 मध्ये न्यायालयाने वाक्य संदिग्ध ठरवलं आणि निकाल चालकांच्या बाजूने दिला. 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली.

मी सातवीच्या मुलांना व्याकरण शिकवत असतो तर विरामचिन्हांची व्याख्या पाठ करायला दिली नसती. एक नियम लिहायला सांगितला असता, "ग्रंथालयातून पुस्तक कोण नेऊ शकतो", आणि शेजारच्या मुलाला त्यातून पळवाट शोधायला लावली असती. नियम लिहिणारा, पळवाट शोधणारा आणि दोघांचं ऐकून निर्णय देणारा, ही तिन्ही प्रौढ माणसांची पूर्णवेळ कामं आहेत.

जुनी_कात्रणं

इतिहासाचं थोडक्यात. मी अभिलेखागारात काम करते. एखादा जुना कागद आला की आम्ही चार गोष्टी विचारतो. कोणी लिहिला, कधी, कोणासाठी, आणि यात काय लिहिलेलं नाही. फोनवर फिरत आलेल्या फोटोला हेच चार प्रश्न लावले की बातमी तपासणाऱ्याचं काम होतं. विमा कंपनीचा तपासनीस, लेखापरीक्षक, वकील यांचंही तेच. सनावळ्यांच्या जोडीला हे प्रश्न मुलांच्या हातात दिले तर इतिहास "पाठांतराचा विषय" राहणार नाही.

कात्री_कंगवा

सलूनमधलं छोटं. केसांच्या रंगात मिसळायच्या डेव्हलपरवर 20 व्हॉल्यूम, 30 व्हॉल्यूम असं असतं. 20 म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 30 म्हणजे 9 टक्के, 40 म्हणजे 12. व्हॉल्यूमचा अर्थ, एक भाग द्रावणातून तितके भाग ऑक्सिजन वायू निघतो. हे न कळता नुसतं "जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं" असं समजून लावलं की टाळू भाजते. रसायनशास्त्र आमच्याकडे बाटलीतच आहे.

आई_सातवीची

सगळे प्रतिसाद मुलीला वाचून दाखवले. पण आमची अडचण वेगळी आहे. मुलगी सातवीत, हुशार. यंदापासून म्हणायला लागली, "गणित माझ्यासाठी नाही, मला पुढे असलं काही करायचंच नाही." मागच्या वर्षीपर्यंत आवडीने करायची. गुण अजूनही चांगले आहेत. मग हे कुठून आलं?

समुपदेशक_मीही

ताई, हे या वयात खूप दिसतं. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी 1981 मध्ये मांडलेला सिद्धांत इथे उपयोगी आहे. मुलं मोठी होताना कामं निवडत नाहीत, आधी खोडत जातात. सहा ते आठ वर्षांच्या सुमारास "हे मुलींचं, हे मुलग्यांचं" म्हणून काही खोडतात. नऊ ते तेरा या काळात प्रतिष्ठा आणि अवघडपणा बघून आणखी खोडतात. स्वतःची आवड काय याचा विचार त्याच्यानंतर सुरू होतो, आणि तोवर यादी अर्धी झालेली असते. खोडताना मुलं कोणाला सांगत नाहीत, बऱ्याचदा त्यांनाही कळत नाही.

डेव्हिड चेंबर्स यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 4,807 लहान मुलांनी "शास्त्रज्ञाचं चित्र" काढलं होतं. त्यात बाई शास्त्रज्ञ असलेली चित्रं फक्त 28, आणि ती सगळी मुलींनी काढलेली. पुढच्या दशकांत हे प्रमाण बरंच सुधारलं आहे. चित्र बदलतं, पण माणसं दिसल्यावर.

तुमच्या मुलीला "गणित महत्त्वाचं आहे" हे सांगू नका, वर मधली_सुट्टी यांनी त्याचं कारण दिलंच आहे. "तुला काय व्हायचंय" हेही सध्या विचारू नका, त्याने यादी आणखी लवकर आखडते. सुई_दोरा यांच्यासारख्या कोणाकडे एक दुपार बसू द्या. आणि "असलं काही" म्हणजे नेमकं काय, हे तिला विचारा. बहुतेक वेळा त्यामागे एखादं पद किंवा एखादा माणूस डोळ्यांसमोर असतो. गणिताशी त्याचा संबंध थोडाच असतो.

मधली_सुट्टी

वर्गात हे कसं करते ते दोघा-तिघांनी व्यक्तिगत संदेशात विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

महिन्यातून एक तास काम करणाऱ्या माणसाला बोलावते. अट एकच, भाषण नको, रोज हातात असलेली एक वस्तू आणा. तो काय काम करतो हे आधी सांगायचं नाही. मुलं वस्तू हातात घेऊन प्रश्न विचारतात. यावर हे आकडे का? ही बाजू का झिजली? चुकलं तर काय होतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण माणूस तिथे मनापासून बोलायला लागतो. वायरमन आले होते ते जळालेली पिन घेऊन आले. 2,000 वॅटचं यंत्र 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर ओढतं, आणि ते कोणीतरी 6 अँपिअरच्या सॉकेटला लावलं होतं. भागाकार मुलांनी केला, ते फक्त पिन दाखवत राहिले.

मग मुलं अर्धं पान लिहितात. आज या कामात मला माझ्या कोणत्या धड्यातलं काय सापडलं. मी ते तपासत नाही, फक्त वाचते. ज्या मुलाला काही सापडलं नाही त्याने "सापडलं नाही" लिहिलं तरी चालतं.

मोठ्या पदावरच्यांना बोलवायचा मोह होतो. पण पदाबद्दल बोलणारी माणसं मुलांना लांबची वाटतात. काम करणारी माणसं आणा, आणि त्यात मुलग्यांना नर्स-दादा आणि मुलींना वायरमन-ताई दिसतील असंही बघा.

आई_सातवीची

धन्यवाद. विचारलं तिला. "असलं काही" म्हणजे दिवसभर खुर्चीवर बसून आकडे भरणं, असं म्हणाली. तिला चित्रं काढायची आहेत, हलणारी. मग त्यात गणित कुठून आणू?

चोवीस_फ्रेम

ताई, आणायला नको, ते तिथेच आहे. ॲनिमेशन हेच माझं काम.

तिला उंचावरून पडणारा चेंडू काढायला सांगा. सेकंदाला 24 चित्रं. नवीन मुलं चेंडू सारख्या अंतरावर काढतात आणि तो दोरीने खाली सोडल्यासारखा दिसतो. खरा चेंडू सारख्या वेळात 1, 3, 5, 7 अशा प्रमाणात अंतर तोडतो. गॅलिलिओने हे शोधलं. बेरीज करत गेलं की 1, 4, 9, 16, म्हणजे वर्गसंख्या. सव्वा मीटरपेक्षा किंचित कमी उंचीवरून पडायला अर्धा सेकंद लागतो, म्हणजे 12 चित्रं. सहाव्या चित्रात चेंडू निम्म्यावर आला असेल असं वाटतं, पण तो फक्त पाव अंतर, 31 सेंटिमीटरच्या आसपास आलेला असतो.

हे तिला सांगू नका. भिंतीवर पट्टी चिकटवा, चेंडू सोडा, फोनवर चित्रित करा आणि एकेक फ्रेम थांबवून खुणा करू द्या. फोन बहुतेक 30 फ्रेमवर असेल, त्यामुळे माझे आकडे तसेच्या तसे येणार नाहीत. ते तिला 30 प्रमाणे नव्याने काढावे लागतील. खुणा मोजून झाल्या की चेंडू पुन्हा काढायला सांगा आणि दोन्ही चित्रफिती शेजारी ठेवा. तिची हरकत नसेल तर इथे टाका, जमिनीवर आपटताना चेंडू किती चपटा करायचा ते पुढे सांगतो. तो रुंद झाला की तितकाच बुटका करावा लागतो, नाहीतर आपटल्यावर मोठा झाल्यासारखा दिसतो.